हेडलाइटसमोरचा हात

आमच्या मोटरसायकलचा हेडलाइट बंद करता येत नाही. त्याला बटणच नाही. गाडी सुरू झाली की दिवा लागतो, गाडी बंद झाली की विझतो, मधल्या वेळात आपल्याला कुणी विचारत नाही. हल्ली सगळ्याच गाड्या अशा येतात, पण बाबांनी ही घेतली तेव्हा लोकांना सवय नव्हती. भर दुपारी भोपाळच्या होशंगाबाद रोडवर समोरून येणारा प्रत्येक जण हाताच्या बोटांची उघडझाप करून मला सांगायचा की दिवा चालू राहिलाय. सुरुवातीला मी हसून मान हलवायचे. पुढे पुढे मला त्या दिव्याचीच कीव यायला लागली. बिचाऱ्याला उन्हात पण सुट्टी नाही.

तर हा दिवा जायला लागला. गाडीबरोबर आलेला पहिला बल्ब पाच वर्षं चालला होता. आई गेली त्या वर्षीच्या पावसाळ्यात तो गेला, आणि त्यानंतर जो बल्ब बसवावा तो दोन-तीन आठवड्यांत मान टाकायचा.

तुम्ही म्हणाल, बल्बच तो, दुसरा बसवायचा. बसवत होतोच. पण आमच्या घरी सकाळचा एक कार्यक्रम असतो. मी पोर्चमध्ये गाडी सुरू करते. बाबा गाडीच्या समोर, फाटकाला पाठ लावून उभे राहतात आणि हेडलाइटसमोर उजवा तळहात धरतात. तळहातावर पिवळा गोल पडला की म्हणतात, “आहे. चालू आहे.” मग मी डिपर मारून दाखवते, मग ते फाटकाची कडी काढतात. गोल पडला नाही, तर कडी निघत नाही. गाडीची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जाते आणि मी, वय वर्षं एकोणतीस, औषध कंपनीतली सीनियर अ‍ॅनालिस्ट, अवधपुरीच्या चौकात ई-रिक्षाच्या मागे धावते.

नवा बल्ब बाबाच आणणार. तो महाराणा प्रताप नगरातल्या एकाच दुकानातून येणार. आज दुकान बंद होतं, उद्या गुडघा दुखत होता, असं करत तो तीन-चार दिवसांनी येणार. आणि बसवणारही तेच, पहाटे, मी उठायच्या आत. एकदा मी वैतागून कंपनीजवळून, मंडीदीपहूनच बल्ब घेऊन आले. बाबांनी खोका उलटसुलट करून पाहिला, “डुप्लिकेट आहे,” म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

मी भांडले नाही असं नाही. माझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, अशी माझी ख्याती आहे. पण बाबांशी भांडण म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. गोपीनाथ देवस्थळे, पस्तीस वर्षं पिपलानीच्या कारखान्यात, ट्रान्सफॉर्मरच्या विभागात. साताऱ्याहून तरुणपणी आले ते इथलेच झाले, पण त्यांचं मराठी अजून साताऱ्याचंच आहे आणि हट्टही. आपलं म्हणणं ते एकदाच सांगतात, तेही हळू आवाजात, आणि मग पेपर उघडतात.

आता माझी अडचण सांगते, कारण या सगळ्यात माझं काय जळत होतं ते कळायला हवं.

मंडीदीपला आमच्याकडे इंजेक्शनच्या बाटल्या भरतात. त्यातली प्रत्येक बाटली अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून डोळ्यांनी तपासावी लागते. धूलिकण आहे का, तंतू आहे का, काचेला तडा आहे का. काचेतले डाग बघून मी जेवते, असं म्हटलं तरी चालेल. आठ वर्षं हेच काम मी दुसऱ्याच्या सहीखाली केलं. ऑक्टोबरात आमच्या निर्मला मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, “स्वरदा, जनवरी से सेकंड शिफ्ट तुम सँभालो. इनचार्ज.” दुपारी दोन ते रात्री दहा. माझी माणसं, माझी सही, माझा निर्णय. मला ती जागा इतकी हवी होती की केबिनबाहेर आल्यावर मी पाण्याच्या कूलरपाशी उगाच दोन ग्लास पाणी प्यायले.

“लेकिन एक बात है,” मॅडम म्हणाल्या होत्या. “तुम्हारा आना-जाना पक्का होना चाहिए.” त्यांचं चूक नव्हतं. गाडी असली की मी सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि सात-साडेसातपर्यंत थांबायचे. गाडी नसली की सकाळी बसच्या गर्दीत उशीर व्हायचा, आणि संध्याकाळी पाचची स्टाफ बस पकडायला मी हातातलं काम टाकून पळायचे. महिन्यातून पाच-सहा दिवस पळणाऱ्या बाईला इनचार्ज कोण करणार?

घरी सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “रात्री दहाला सुटणार. बस तुला मिसरोदला सोडणार. तिथून पुढे काय?”

“गाडीनं येईन ना.”

“ज्या गाडीचा दिवा महिनाभर टिकत नाही, त्या गाडीवर?” त्यांनी पेपर उघडला. “एक बल्ब महिनाभर टिकवून दाखव. मग खुशाल जा.”

धाकट्या भावाला, आदित्यला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, एलईडी टाक ना यार, विषय संपव.” आणि फोन ठेवता ठेवता, “पण बाबांना रात्रीचं एकटं नको ठेवूस हां.” पुण्यात बसून काळजी करायला काही लागत नाही. मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी दिव्याच्या मागे लागले. रविवारी गाडी घेऊन करोंदला गेले, समीरभाईंकडे. मंडीच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे, आणि कुठलाही आजार ते गाडीला हात न लावता ओळखतात.

“रेगुलेटर गया, खां,” ते लांबूनच, भोपाळी थाटात म्हणाले. “करंट ज़्यादा फेंक रिया है. बल्ब बेचारा क्या करेगा?”

पटण्यासारखं होतं. व्होल्टेज वाढलं की बल्ब उडतो, हे मलाही माहीत होतं. नवा रेग्युलेटर बसवला. बल्ब सोळाव्या दिवशी गेला. मग समीरभाई म्हणाले, होल्डर ढिला आहे, खड्ड्यांत बल्ब थरथरतो आणि आतली तार तुटते. होल्डर बदलला, बॅटरीची टोकं घासून घट्ट केली. बल्ब पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी शोकेसमधून निळसर काचेचा एक बल्ब काढला, शंभर वॅटचा. “ये लगाओ, मैडम. पूरा भोपाल दिख जाएगा.” आमच्या गाडीला पस्तीस वॅटचा लागतो. त्याच्या कानाची पट्टी कानशीनं घासून त्यांनी तो ठोकून बसवला. तीन दिवस खरोखर सगळं भोपाळ दिसलं. चौथ्या दिवशी सकाळी बाबा हेडलाइटपाशी नुसते वास घेत उभे राहिले. मागचा रबरी टोप उचलून बघतात तर होल्डर तपकिरी होऊन वितळायला आलेला.

“अजून चार दिवस चालवली असतीस तर वायर पेटली असती,” ते म्हणाले. “या वायरी पस्तीस वॅटच्या हिशेबानं दिल्यात. जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड नव्हे, जास्त उष्णता.”

“मग एलईडी बसवू,” मी म्हटलं.

“नाही. आतला आरसा साध्या बल्बच्या तारेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड विस्कटतो. समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपल्याला खड्डा दिसत नाही.”

हेही खरंच होतं. आमच्या कंपनीतल्या निम्म्या पोरांनी असले दिवे बसवलेत, आणि ग्यारह मीलच्या नाक्यापाशी ते समोरून आले की मला क्षणभर काहीच दिसत नाही. बाबांचं नेहमी खरंच असायचं. त्यामुळेच तर वाट सापडत नव्हती. चुकीच्या माणसाच्या तावडीतून सुटता येतं, बरोबर असलेल्या माणसाच्या तावडीतून कसं सुटायचं?

त्या डिसेंबरात मला घरात जीव घुसमटल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी गाडी पोर्चमध्ये लावावी तर घर अंधारात. बाबा व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले. दिवा का नाही लावला विचारलं तर म्हणायचे, “वीज वाचवतो.” मी आत जाऊन बटणं दाबत सुटायचे. मग पोळ्या, मग बातम्या, मग औषधं. बाबांच्या घोरण्याचा आवाज भिंतीपलीकडून सुरू झाला की मी गादीवर पडून दिवस मोजायचे. या बल्बला अकरा झाले. बारा झाले. एका बल्बच्या आयुष्यावर माझं आयुष्य टांगलेलं होतं, आणि त्याची मला लाजही वाटायची.

तेराव्या दिवशी सकाळी तळहातावर गोल पडला नाही.

“गेला,” बाबा म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

त्या दिवशी ई-रिक्षासाठी निघण्याआधी मी एक काम केलं. बाबा काही फेकत नाहीत. गेलेले बल्ब ते स्वयंपाकघराच्या खिडकीत, आईच्या एका जुन्या वाटीत ठेवायचे. मी ते सगळे रुमालात बांधले आणि पर्समध्ये टाकले. मला वाटलं, एवढी वर्षं परक्यांच्या बाटल्या तपासल्या, आता आपली काच तपासू.

जेवणाच्या सुट्टीत तपासणीची खोली रिकामी असते. मी दिवा लावला आणि त्यातला एक बल्ब पडद्यासमोर धरून सावकाश फिरवला. काळ्या बाजूला येताच दिसलं. काचेच्या कुशीवर एक दुधाळ ठिपका होता, बोटाच्या टोकाएवढा, आणि तिथे काच किंचित फुगलेली होती. दुसऱ्या बल्बवरही तसाच. तिसऱ्यावरही. जागा थोडी इकडेतिकडे, पण आकार तोच. भिंग लावून पाहिलं तर ठिपक्याच्या कडेला तपकिरी बारीक कण काचेतच भाजून बसलेले होते. ते काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. बोट मात्र कळलं. हॅलोजनच्या बल्बची काच पेटल्यावर भयंकर तापते, आणि तिला बोटाचा तेलकटपणा लागलेला असला की तेवढ्याच जागी जास्त तापून ती खराब होते. रेग्युलेटर नव्हता, होल्डर नव्हता, खड्डे नव्हते. बाबा उघड्या हाताने बल्ब धरत होते.

मला आधी खूप आनंद झाला, पण तो टिकला नाही. कारण हे मला शिकवलं होतं ते बाबांनीच. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत रोषणाई नेहमी त्यांच्याकडे असायची. मी दहा वर्षांची असताना मूर्तीवर सोडायच्या हॅलोजनला हात लावला, तर त्यांनी माझं मनगट धरलं होतं. “काचेला बोट लावायचं नाही, स्वरा. फडक्यानं धर.” कारखान्यात पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय त्यांनी कधी तारेला हात लावला नव्हता. ते हातमोजे आई दर रविवारी धुवायची आणि दोरीवर वाळत घालायची. असा माणूस बल्ब उघड्या बोटांनी धरतो, याचा अर्थ मला एकच लागला. बाबा विसरायला लागले. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि इतके दिवस त्यांचा जो राग राग केला त्याची मला शरम वाटली.

चार दिवसांनी बल्ब आला. रात्री टेबलावर खोका दिसला, तेव्हा मी मोबाइलला पहाटेचा गजर लावला. म्हटलं, आपण शेजारी उभं राहायचं, गोड बोलून फडकं हातात द्यायचं. त्यांना ओशाळं वाटू द्यायचं नाही. कंपनीतून मी स्पिरिटचे पुसायचे तुकडेही आणले होते.

पहाटे उठले तर पोर्चमधला दिवा लागलेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. बाबा स्टुलावर बसले होते. समोर हत्यारांची पेटी उघडी होती. त्यांनी खोक्यातून बल्ब काढला. पत्र्याच्या कड्याला धरून, अगदी नीट, जसा धरायला हवा तसा. मग पेटीतून त्यांनी एक लहानसं भांडं काढलं. तो आईचा हळदकुंकवाचा पितळी करंडा होता. आई गेल्यापासून तो देवघरात नव्हता, आणि मला वाटलं होतं, मामी आठवण म्हणून घेऊन गेली.

आईची एक पद्धत होती. घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागायचं. मिक्सर, कुकर, गॅसचं सिलिंडर, आदित्यचा लॅपटॉप. कपड्यांच्या मशीनवर तिनं लावलेलं बोट अजून आहे. बाबा तिची चेष्टा करायचे. “सुमित्रा, तो फ्यूज राहिला बघ, त्याला पण लाव,” म्हणायचे. ती म्हणायची, “तुमची चेष्टा होते, पण वस्तू टिकते ना?”

बाबांनी तेलाच्या बाटलीत बोट बुडवलं, हळदीत टेकवलं, कुंकवात टेकवलं आणि बल्बच्या काचेवर ठिपका लावला. डोळे मिटून हात जोडले. मग खिशातून रुमाल काढून तो ठिपका पुसून टाकला, बाहेरून दिसू नये इतपत.

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. काचेत भाजलेले ते तपकिरी कण कसले होते ते आता कळलं. बाबा काही विसरले नव्हते. ते आईची आठवण काढत होते, आणि ज्या बोटानं दिव्याला आशीर्वाद देत होते त्याच बोटानं तो जात होता. मला त्यांची इतकी माया आली की सांगता येत नाही. मी तशीच अनवाणी बाहेर गेले.

“बाबा.”

त्यांनी वर बघितलं. करंडा झाकायला हात गेला, पण झाकला नाही. “उठलीस? नवी वस्तू आहे. तुझ्या आईनं लावलं असतं.”

“हो. पण बाबा, त्यानंच दिवा जातोय.” मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. काच, तेल, उष्णता, ते ठिपके. “पुसलं तरी राहतंच ते. आपण असं करू, मी आज एलईडी घेऊन येते. चांगल्या कंपनीचा, उजेड न विस्कटणारा. त्याच्या काचेचं काही अडत नाही. त्याला तुम्ही खुशाल हळदकुंकू लावा.”

“एलईडी नको.”

“अहो, का पण?”

ते हातातल्या बल्बकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा आरशाचं सांगणार.

“एलईडी जाणार नाही,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या खेपेला खरंच नव्हतं ध्यानात,” बाबा म्हणाले. “बल्ब घरात आणला, आणि तिची आठवण झाली. लावलं बोट. तो पंधरा दिवसांत गेला तेव्हा काचेकडे पाहिलं. कळलं. पण गाडी बंद होती ते चार दिवस तू स्टाफ बसनं यायचीस. उजेड असेपर्यंत घरात असायचीस. तुझ्या हाताने दिवे लागायचे.”

“म्हणून मग दर वेळी?”

“दर वेळी ठरवायचो, या खेपेला नाही लावायचं. मग वाटायचं, लावू, टिकला तर टिकला.”

“टिकणार नाही हे माहीत असून.”

“हो.”

मी उभी राहिले. इतका वेळ आलेली माया कुठे गेली कळलं नाही. दोन वर्षं मी रिक्षाच्या मागे धावले, करोंदच्या चकरा मारल्या, मॅडमची बोलणी खाल्ली, आणि हा माणूस रोज सकाळी तळहात धरून मला सांगत होता की बघ, दिवा गेला. “मला डांबून ठेवायचं होतं तर सरळ दोरीनं बांधायचं होतं,” मी ओरडले. समोरच्या घरातला दिवा लागला. लागू दे, म्हटलं.

“दोरी तू तोडली असतीस,” बाबा हळूच म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता ते बोलले. आई गेली तेव्हा मी कामावर होते, एवढंच मला माहीत होतं. ती दिवेलागणीची वेळ होती. आई म्हणाली, अंधार झाला, दिवा लावा. ते उठले, देवघरातली समई लावली, घरातले दिवे लावले, परत आले. तेवढ्यात ती गेलेली होती. “दिवे लावायला गेलो म्हणून मी तिथं नव्हतो,” ते म्हणाले. “आता ती वेळ झाली की मला उठवत नाही, स्वरा. बटणापर्यंत जाववत नाही. कुणीतरी यावं लागतं.”

मला रडूही येत होतं आणि रागही जात नव्हता, आणि दोन्ही खरं होतं. कुणाच्या दुःखाला कुलूप लावून त्यात मला ठेवलं होतं, आणि किल्ली मागायची तर त्या दुःखाशीच झोंबायचं. मला ते नको होतं. मला माझी शिफ्ट हवी होती.

मी त्यांच्या हातून बल्ब घेतला. कड्याला धरून काच स्पिरिटच्या तुकड्यानं पुसली, एकदा, दोनदा, लाल कण दिसेनासा होईपर्यंत. रबरी टोप काढला, बल्बचे तीन कान खाचेत बसवले, तारेची पकड चढवली, टोप दाबला. आयुष्यात पहिल्यांदा तो बल्ब मी बसवला. त्याला काही फार अक्कल लागत नाही. आत जाऊन कपडे बदलले, पर्स घेतली, हेल्मेट घातलं. चहा घेतला नाही.

“आज मॅडमना हो सांगणार आहे,” मी म्हटलं. “महिना वगैरे काही नाही.”

गाडी सुरू केली. सवयीनं बाबा समोर येऊन, फाटकाला पाठ लावून उभे राहिले. सवयीनं त्यांनी तळहात धरला. त्यावर पिवळा गोल पडला, आणि त्यात पहिलं बोट लालभडक दिसलं.

“आहे,” ते म्हणाले. “चालू आहे.” पण हात खाली आला नाही, आणि कडीही निघाली नाही.

“बाबा, बाजूला व्हा.”

ते तसेच उभे. मी क्लच दाबून धरला होता, इंजिन धडधडत होतं, आणि दिवा बंद करायला बटण नव्हतं. त्यांच्या डोळ्यांवर, पांढऱ्या बनियनवर सगळा उजेड. एवढा उजेड की मला मान वळवावीशी वाटली. तरी वळवली नाही.

“बाबा, हात काढा.”

त्यांनी हात काढला. कुंकवाचं बोट कुठे लावावं ते त्यांना कळेना. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग ते त्यांनी बनियनलाच पुसलं. कडी काढली. मी निघाले. वळताना आरशात पाहिलं तर छातीवर लाल ओरखडा घेऊन ते फाटक धरून उभे होते.

याला आता दहा महिने झाले. मी सेकंड शिफ्टची इनचार्ज आहे, आणि काम मी चांगलं करते, हे मॅडमच सांगतात. तो साधा पस्तीस वॅटचा बल्ब अजून चालू आहे. इतके दिवस मला वाटायचं, एकदा हा दिवा टिकला की मी सुटले.

दिवेलागणीला मी कंपनीतून फोन करते. “बाबा, दिवे लावले का?” ते म्हणतात, “लावतो.” मी आमच्या शेजारणीला सांगून पाहिलं, पण बाबा तिला फाटकातूनच परत पाठवतात. पुण्याहून आदित्यनं आपोआप लागणारे बल्ब पाठवले, ते खोक्यातच आहेत. आणि रात्री दहानंतर होशंगाबाद रोडवर मी इतक्या वेगानं गाडी हाणते की बाबांनी पाहिलं तर किल्ली काढून घेतील.

गल्लीत वळले की सगळ्या घरांना उजेड असतो, आमचं तेवढं काळं. फाटक उघडंच असतं. मी आत शिरते आणि हेडलाइट सरळ व्हरांड्यावर पडतो. बाबा खुर्चीत बसलेले असतात, संध्याकाळी बसलेले तसेच. डोळ्यांवर उजेड आला की ते उजवा हात वर करतात, तळहात माझ्याकडे.

“आहे,” ते म्हणतात. “चालू आहे.”

मग मी गाडी बंद करते, दिवा विझतो, आणि त्या अंधारात चाचपडत मी बटणाकडे जाते.